जैतूनची बाटली आणि शेतकऱ्याचा हक्क

रमजानचा चाँद दिसला की आपल्या शहरातल्या बाजाराचे रूप बदलते. असरच्या नमाजनंतर मशिदीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. खजुराचे ढीग, शेवया, फेण्या, कापलेली कलिंगडे, सरबताच्या बाटल्या. घेणाऱ्यांत रोजेदार असतात, तसेच केवळ त्या गर्दीची आणि खजुराची ओढ म्हणून येणारे इतर धर्मांचे शेजारीही असतात. गेल्या काही वर्षांत या मांडणीत एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे जैतूनच्या तेलाची बाटली. ज्याला आपण सगळेच ऑलिव्ह ऑइल म्हणतो, तेच हे तेल.

मागच्या रमजानमध्ये मीही अशी एक बाटली घेतली. पुढच्या बाजूला मस्जिद-ए-अक्साचे चित्र होते, अरबी अक्षरांत 'जैतून' लिहिले होते आणि 'या खरेदीतून फलस्तीनी शेतकऱ्यांना मदत होईल', असे विक्रेत्याने सांगितले होते. इफ्तारला कॉलेजातले सहकारी घरी आले होते. रसायनशास्त्राच्या मॅडमनी ती बाटली उचलली आणि पहिल्यांदा उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली. म्हणाल्या, "सर, हे पोमेस आहे. म्हणजे चोथ्याचं तेल. आणि कोणत्या देशातून आलं, कोणी आणलं, यातलं काहीच इथे लिहिलेलं नाही."

मला तीन लिप्या वाचता येतात. पण बाटली उलटी करून पाहण्याचे काही सुचले नव्हते. पुढचे चित्र पाहून मन भरून आले आणि मी पैसे मोजले. आजचा लेख त्या चुकीमुळे लिहितो आहे. कारण चूक माझ्या एकट्याची नाही. रमजानमध्ये आपण भावनेने खरेदी करतो आणि भावनेने खरेदी करणाऱ्याला फसवणे फार सोपे असते.

आधी धर्माची बाजू पाहू. पवित्र कुराणात जैतूनचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. 'तीन' नावाच्या सूरहची सुरुवातच अंजीर आणि जैतूनच्या शपथेने होते. सूरह नूरमध्ये ईश्वरी प्रकाशाचा जो दृष्टान्त आहे, त्यातला दिवा जैतूनच्या तेलाचा आहे. ख्रिस्ती बांधवांना नूहच्या, म्हणजे नोहाच्या, कबुतराने चोचीत आणलेले जैतूनचे पान ठाऊक आहे. येशूंनी अखेरच्या रात्री जिथे प्रार्थना केली त्या गेथसेमनी या नावाचा अर्थच तेलाचा घाणा असा आहे. ज्यू धर्मात मंदिरातला दिवा जैतूनच्याच तेलाने तेवत असे. एका झाडाला इतक्या धर्मांनी मान दिल्याची उदाहरणे थोडी आहेत.

पण बाजारात ज्याची जाहिरात होत नाही, असा एक उल्लेख सूरह अनआममध्ये आहे. तिथे खजूर, शेते, जैतून आणि डाळिंब यांची नावे एकापाठोपाठ येतात. ही फळे खा, पण कापणीच्या दिवशी त्यांचा हक्क देऊन टाका आणि उधळपट्टी करू नका, असा त्या आयतीचा आशय आहे. शब्द 'हक्क' आहे, दया किंवा भीक नव्हे. हा शब्द मराठीनेही जसाच्या तसा घेतला आहे, त्यामुळे त्याचे भाषांतर करण्याची गरज नाही. भाष्यकारांनी त्याचा अर्थ पिकातला गरिबाचा वाटा असा लावला आहे. त्याच तत्त्वाने पुढे जाऊन मी एक साधा प्रश्न विचारतो. गरिबाचा हक्क कापणीच्या दिवशी द्यायचा, तर ज्याने ते पीक काढले त्या शेतकऱ्याचा हक्क कोणत्या दिवशी द्यायचा?

या प्रश्नाचे एक प्रत्यक्ष उत्तर फलस्तीनमध्येच, वेस्ट बँकच्या उत्तर भागात मिळते. जेनिन शहराजवळ बुर्किन नावाचे गाव आहे. जगातल्या अतिप्राचीन चर्चपैकी एक मानले जाणारे सेंट जॉर्जचे चर्च याच गावात आहे. येशूंनी दहा कुष्ठरोग्यांना बरे केले ते ठिकाण हेच, अशी परंपरा आहे. गावाच्या आसपासच्या टेकड्यांवर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या आहेत आणि त्यांवर जैतूनची झाडे. शेती बहुतेक पावसावर. आपल्या हापूसप्रमाणे या झाडालाही एक वर्षाआड बहर येतो. एक साल भरघोस, दुसरे मोकळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणी सुरू झाली की सारे कुटुंब झाडाखाली असते. साधारण चार-पाच किलो फळांतून एक लिटर तेल निघते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या काही वर्षांत इथल्या शेतकऱ्याची अवस्था आपल्या कांदा उत्पादकासारखीच होती. तेल उत्तम, पण गिऱ्हाईक नाही. नाकेबंदीमुळे शहरात जाणे कठीण. येईल त्या व्यापाऱ्याला पडेल त्या भावाने तेल द्यायचे. अशा वेळी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकलेले जेनिन परिसरातले नासिर अबू फर्हा यांनी २००४ मध्ये गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र केले. पॅलेस्टाइन फेअर ट्रेड असोसिएशन ही उत्पादकांची संघटना उभी राहिली आणि तेल विकत घेऊन परदेशी पाठवणारी 'कनआन' ही कंपनीही. त्याच २००४ मध्ये ब्रिटनमध्ये दोन स्त्रियांनी 'जैतून' याच नावाची संस्था काढली. नफा वाटून न घेता पुन्हा कामातच घालायचा, हे तिच्या घडणीतच आहे. सुरुवातीला ओळखीच्या लोकांकडून आगाऊ मागणी घ्यायची आणि त्या पैशावर तेल मागवायचे, असा तो घरगुती कारभार होता. २००९ मध्ये याच संस्थेच्या फलस्तीनी तेलाला फेअरट्रेडचे चिन्ह मिळाले. हे चिन्ह मिळवणारे जगातले ते पहिले ऑलिव्ह ऑइल.

फेअर ट्रेड म्हणजे न्याय्य व्यापार. या शब्दाभोवती बरीच गोड भाषा जमली आहे, म्हणून त्यातला व्यवहार तेवढा सांगतो. पहिली गोष्ट, भावाला एक तळ ठरलेला असतो. बाजार कोसळला तरी त्याखाली खरेदी होत नाही. दुसरी, शेतकऱ्यांच्या संस्थेने मागितले तर कराराच्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत पैसे आगाऊ देण्याची तरतूद असते. त्यामुळे तोडणीच्या मजुरीसाठी सावकाराकडे जावे लागत नाही. तिसरी, किमतीवर आणखी एक ठरावीक रक्कम मिळते आणि तिचे काय करायचे हे संस्थेचे सभासद बैठकीत ठरवतात. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण आपण दर वर्षी प्रवचनात ऐकतो. आगाऊ रकमेची ही तरतूद म्हणजे त्याच शिकवणीचा हिशेबाच्या वहीतला अवतार आहे.

आयातीची खरी अडचण पुढे सुरू होते. एका शेतकऱ्याच्या तेलाने कंटेनर भरत नाही, एका गावाच्या तेलानेही क्वचितच भरतो. म्हणून अनेक गावांचे तेल एका टाकीत यावे लागते. पण एकाने पडलेली, चार दिवस पोत्यात राहिलेली फळे गाळली, तर त्याच्या तेलाने सगळ्यांच्या तेलाची प्रत उतरते. एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवून घ्यायचे असेल तर तेलातली मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. फळ झाडावरून उतरल्यापासून ते घाण्यात जाईपर्यंत जितका उशीर, तितकी आम्लता वाढते. म्हणजे हाताने तोडणे, पोत्याऐवजी हवेशीर क्रेट वापरणे, शक्यतो त्याच दिवशी गाळणे, गाळताना तापमान २७ अंशांच्या वर जाऊ न देणे, ही सारी शिस्त शेकडो कुटुंबांनी पाळायची. आपल्याकडे दूध डेअरीत प्रत्येकाच्या कॅनचे फॅट तपासतात, तसे इथे प्रत्येकाच्या तेलाची आम्लता तपासतात.

मग रस्ता. फलस्तीनच्या वेस्ट बँकला स्वतःचे बंदर नाही. तेल इस्रायलच्या हैफा किंवा अश्दोद बंदरातून जाते. वाटेत तपासणी नाक्यावर एका ट्रकमधला माल उतरवून, तपासून, दुसऱ्या बाजूच्या ट्रकमध्ये भरावा लागतो. नाका बंद झाला तर माल उन्हात थांबतो. उष्णता आणि प्रकाश हे तेलाचे दोन शत्रू. एवढे सारे पार करून जी बाटली परदेशी पोहोचते, ती स्वस्त असू शकत नाही. म्हणून 'फलस्तीनी तेल, निम्म्या किमतीत' असे कोणी सांगितले तर समजावे की एक तर ते फलस्तीनचे नाही, नाही तर ते तेवढे तेल नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार ८० हजार ते १ लाख फलस्तीनी कुटुंबांचे उत्पन्न पूर्णतः किंवा अंशतः जैतूनवर अवलंबून आहे. २००२ पासून उभारल्या गेलेल्या भिंतीमुळे कित्येकांची झाडे भिंतीच्या पलीकडे राहिली. तिथे जायला परवाना लागतो आणि फाटक ठरावीक दिवशीच उघडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले ते नेमके तोडणीच्या तोंडावर. वस्तीवाल्यांचे हल्ले आणि लष्करी निर्बंध यांमुळे त्या हंगामात वेस्ट बँकमधली ९६ हजार दुनुमांहून अधिक, म्हणजे सुमारे २४ हजार एकरांवरची, जैतून तोडताच आली नाही, अशी नोंद संयुक्त राष्ट्रांनी केली आहे. गाझामध्ये तर झाडे आणि माणसे यांपैकी कशाचा हिशेब आधी मांडायचा, हाच प्रश्न आहे. न्याय्य व्यापार फाटक उघडू शकत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण फाटक उघडेल त्या दिवशी तोडणीला माणूस शिल्लक असावा, त्याने कंटाळून झाड सोडून दिलेले नसावे, एवढे तो निश्चित करू शकतो.

आणि ही गोष्ट एकाच बाजूच्या माणसांची नाही. इस्रायलच्या हद्दीत, गॅलिलीमधल्या कफ्र कन्ना या गावात १९९६ पासून 'सिंदियाना' नावाची संस्था काम करते. अरब आणि ज्यू स्त्रिया मिळून ती चालवतात. अरब शेतकऱ्यांचे जैतून तेल घेतात, बाटल्या भरतात, निर्यात करतात. आजच्या वातावरणात एकाच टेबलावर बसून हिशेब करणाऱ्या या स्त्रियांची बातमी होत नाही. पण ज्या शहरात हिंदू आडत्या, मुस्लिम बागवान आणि लिंगायत किराणा दुकानदार एकाच मार्केट यार्डात पिढ्यान्‌पिढ्या उधारी-उसनवारी करत आले, त्या शहराला यात नवल वाटू नये.

इथे एक रास्त आक्षेप येतो. आपल्याच शेतकऱ्याला भाव नाही, सोयाबीन हमीभावाखाली विकले जाते, आणि तुम्ही परदेशी शेतकऱ्याची काळजी कशाला करता? कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न मला सरळ विचारला गेला. त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की परदेशी तेल आपण आधीच खातो आहोत. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामतेलाचा. इफ्तारची भजी, समोसे, दिवाळीचे फरसाण, गाड्यावरचा वडापाव, यातल्या बऱ्याच कढयांत तेच असते. इंडोनेशियातल्या पामच्या लागवडीपैकीही सुमारे ४० टक्के छोट्या शेतकऱ्यांकडे आहे. त्यांना काय भाव मिळतो, हे आपण कधी विचारले नाही. म्हणजे प्रश्न परदेशी घ्यावे की नाही, हा उरलेला नाही. घेतो आहोत ते डोळे उघडे ठेवून घेतो का, एवढाच आहे.

दुसरे उत्तर आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आहे. युरोपातल्या सुपरमार्केटसाठी आपला द्राक्ष बागायतदार हाच 'परदेशातला छोटा उत्पादक' असतो. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन 'महाग्रेप्स' उभी केली, ती नेमक्या याच कारणासाठी. एकट्याचा माल कंटेनर भरत नाही आणि एकट्याचा आवाज खरेदीदारापर्यंत पोहोचत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा तिथल्या ग्राहकाच्या घरी फक्त एक फळ कमी झाले. इथे मात्र कुटुंबे कर्जात गेली. त्या वेळी आपल्याला वाटले होते की तिकडच्या खरेदीदाराने शेतकऱ्याची बाजूही पाहावी, धोका एकट्या त्याच्या खांद्यावर टाकू नये. जी अपेक्षा आपण लंडनच्या ग्राहकाकडून करतो, तीच बुर्किनचा शेतकरी आपल्याकडून करत असेल, तर ती जास्तीची कशी?

आता खरेदीकडे येऊ. पैगंबर मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जाताना धान्याच्या ढिगाजवळ थांबले, हात आत घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नव्हे, असे बजावले. ही हदीस व्यापाऱ्यासाठी आहेच. पण तिच्यात ग्राहकासाठीही एक धडा आहे. ढिगात हात घालून पाहायचा असतो. मराठीत 'मापात पाप' म्हणतात. कुराणात माप मारणाऱ्यांवर 'मुतफ्फिफीन' या नावाची एक सूरहच आहे.

तेव्हा बाटली उलटी करा. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' म्हणजे फळ नुसते यंत्राने गाळून निघालेला रस, त्यावर रसायनाची प्रक्रिया नाही. 'प्युअर' किंवा 'लाइट' लिहिलेले असेल तर ते बहुधा रिफाइंड तेलात थोडे व्हर्जिन मिसळलेले असते. 'पोमेस' म्हणजे रस निघाल्यावर उरलेल्या चोथ्यातून सॉल्व्हंटने काढलेले आणि मग रिफाइन केलेले. पेंडीतून सॉल्व्हंट प्लांटमध्ये निघते तसेच. ते विकणे गुन्हा नाही, ते खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही. पण त्यावर एक्स्ट्रा व्हर्जिनचा भाव लावणे आणि मस्जिद-ए-अक्साचे चित्र छापणे ही लबाडी आहे. देशाचे नाव, आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआयचा क्रमांक आणि मुदत पाहा. तोडणीचे साल दिले असेल तर फार उत्तम. काच गडद रंगाची असावी. स्पेनमध्ये २०२२ आणि २०२३ च्या दुष्काळाने उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले आणि तेलाचे भाव जगभर चढले. भाव चढले की भेसळीची लालूचही चढते, हे तुपाच्या आणि हिंगाच्या अनुभवावरून आपल्याला माहीत आहे.

तेलाला औषधाचा दर्जा देणाऱ्या संदेशांवरही विश्वास ठेवू नका. चांगले तेल आहे, हृदयाला इतर अनेक तेलांपेक्षा बरे आहे, पण मधुमेहाची गोळी बंद करून ते पिण्याची गोष्ट करणारा तुमचा हितचिंतक नव्हे. भजी तळायला ते वापरू नका. तसे केल्याने विष होत नाही, पण एवढ्या लांबून आलेल्या रसाचा स्वाद कढईत जाळणे ही उधळपट्टी आहे, आणि आयतीतले शेवटचे शब्द उधळपट्टीबद्दलच आहेत. खजुराशेजारी छोट्या वाटीत दोन चमचे तेल, वर थोडे मीठ, आणि भाकरीचा तुकडा. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते छान लागते. शेंगदाण्याच्या चटणीवर टाकून पाहिले तर कळेल की भूमध्य समुद्र आणि सोलापूर यांत वाटते तेवढे अंतर नाही.

आपल्या शहरात छोट्या उत्पादकांकडून आलेले, माग काढता येईल असे तेल आज सहज मिळत नाही. पण इथल्या व्यापाऱ्यांनी मनात आणले तर ते अशक्यही नाही. सौदीहून खजूर आणि इराणहून जर्दाळू मागवणारी घराणी आपल्याकडे आहेत. आयात-निर्यातीचा क्रमांक, बंदर, कस्टम, सगळे त्यांना ठाऊक आहे. रमजानच्या दोन महिने आधी पन्नास-शंभर घरांनी मिळून आगाऊ मागणी नोंदवली, तर एखादा व्यापारी मोठ्या आयातदाराच्या कंटेनरमध्ये आपल्या चार खोक्यांची जागा मिळवू शकेल. ब्रिटनमधल्या त्या दोन स्त्रियांची सुरुवात अशीच ओळखीच्यांच्या मागणीतून झाली होती. बचत गटाच्या बायकांना आणि पतसंस्थेच्या सचिवांना ही पद्धत वेगळी शिकवावी लागणार नाही.

ते जमेपर्यंत काय? तेच तत्त्व जवळच्या माणसाला लावावे. आपल्या तालुक्यात आजही लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचे आणि करडईचे तेल काढणारे आहेत. ते महाग वाटते म्हणून आपण घासाघीस करतो आणि मॉलमधल्या बाटलीला मात्र छापील किंमत मुकाट्याने देतो. या रमजानमध्ये निदान एक डबा घाण्यावरून घ्यावा, त्याने सांगितलेल्या भावात, आणि रोख. फितरा आणि जकात आपण देणारच आहोत, द्यायलाच हवी. पण ज्याला त्याच्या मालाचा रास्त भाव मिळतो, त्याला जकातीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

मागच्या वर्षीची ती बाटली मी टाकून दिली नाही. तेल संपले, बाटली स्वयंपाकघराच्या कप्प्यात आहे, मागची बाजू पुढे करून ठेवलेली. यंदा त्यात घाण्यावरचे करडईचे तेल भरले आहे. इफ्तारला मॅडम पुन्हा येणार आहेत. बाटली उचलून त्या विचारतील, "सर, हे कुणाचं?" तर या वेळी मला घाणेवाल्याचे नाव सांगता येईल आणि करडई कोणत्या गावची, तेही.